गाडीचं नाक

धूर हुंगून इंजिनाचा रोग सांगणारा माणूस अशी एके काळी माझी ख्याती होती. ख्याती म्हणजे काय, ती मीच पसरवली होती. गोखिवऱ्याला पत्र्याच्या शेडमध्ये माझं गॅरेज होतं. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मी बॉनेटला हातसुद्धा लावायचो नाही. आधी गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसायचो, डोळे मिटायचो आणि सायलेन्सरमधून येणारा धूर छातीभर ओढून घ्यायचो. मग डोळे उघडून गंभीर आवाजात सांगायचो, "पेट्रोल जास्त जातंय." नाहीतर, "ऑइल जळतंय." आता काळा धूर पेट्रोलचा आणि निळा धूर ऑइलचा, हे उघड्या डोळ्यांना दिसतंच की! त्यात नाकाचं काय काम? पण डोळे मिटल्याशिवाय समोरच्याला विद्या दिसत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. खोकला मात्र खरा यायचा.

ह्या विद्येचा एकाच माणसावर कधी परिणाम झाला नाही, तो म्हणजे माझ्या बाबांवर. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, आणि वाडीतल्या बावखलातून, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातून, पाणी खेचायला एक ऑइल इंजिन होतं. ते बिघडलं की मी पाना घेऊन बसायचो. बाबा शेजारी येऊन उभे राहायचे आणि मला नाही, केळींना सांगायचे, "आज पाणी मिळेल ह्या भरवशावर राहू नका ग बायांनो." आल्यागेल्याला सांगायचे, "ह्याला इंजिनातलं काय कळतं ते मला ठाऊक नाही, पण इंजिनांना ह्याच्यातलं बरोबर कळतं. ह्याला बघितलं की बंद पडतात." हे सगळं ते आमच्या घरच्या बोलीत बोलायचे. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर तुमच्यासाठी दुभाषा ठेवावा लागेल, म्हणून मी सोपं करून सांगतोय. मूळ बोलीत ते जास्त झोंबायचं.

मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कधीतरी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, आणि जो माणूस केळींशीसुद्धा टोमण्यात बोलायचा, त्याला पाणी मागायलाही वेळ लागायला लागला. शब्द आधी ओठांवर अडायचा, मग तोंडातल्या तोंडात फिरायचा, मग बाहेर पडायचा. काठी टेकत ते खाटेवरून ओटीपर्यंत यायचे, तेवढाच त्यांचा प्रवास. मला टोमणे बंद झाले. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

आमच्या गावात नवरी बापाबरोबर घरून चर्चला निघते. पुढे बँड, मागे नवरी, तिच्या मागे सगळा गाव. बँडच्या पुढे कुणी जायचं नाही. कुणी मोटार आणली तरी त्या मोटारीने बँडच्या मागूनच, म्हाताऱ्या बायांच्या चालीने यायचं. घरापासून चर्च जवळच होतं, धडधाकट माणसाला काहीच नाही. बाबांना मात्र ते अंतर आता मुंबईएवढं झालं होतं. चुलतभावांनी सुचवलं की एक भक्कम खुर्ची घेऊ, बाबांना तीत बसवू आणि चौघं उचलून नेऊ. बाबांनी डाव्या हाताने त्यांना गप्प केलं. बराच वेळ तोंड हलत राहिलं, आणि मग ते म्हणाले, "उचलून... चर्चात... एकदाच. तेव्हा न्या."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. धाकटी म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मीपण येत नाही. पोरगा इकडे येऊ दे आणि फादरपण इकडे येऊ दे." ती बाबांच्या वळणावर गेलेली. दोघं हट्टाला पेटलेली, आणि मधे मी.

तेव्हा देवाने मामाला पाठवलं. मामा आखातात एका तेल कंपनीत होता. तिथल्या एका अमेरिकन साहेबाची जुनी गाडी त्याने घेतली आणि काय काय सोपस्कार करून ती इकडे आणली. दुधाच्या सायीच्या रंगाची, पलंगाएवढ्या सीटची गाडी! स्टिअरिंग डावीकडे. आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा दोन्ही बाजूच्या कुंपणांची माफी मागत शिरली. मामा म्हणाला, "दाजी, तुम्ही ह्यात बसून जायचं. ह्यात काय उचलणं आलं?"

बाबांनी गाडीकडे बघितलं. मान डोलावली. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालली... पाहिजे."

झटक्यानंतरचा तो पहिला टोमणा. मला इतका आनंद झाला की मी छाती ठोकून म्हणालो, "बाबा, गाडी मी बघतो. काळजीच सोडा." आईने लगेच क्रूसाची खूण केली.

आणि गाडीत दोष होताच. रस्त्यावर मोकळी पळवली की लोण्यासारखी, पण गावात शिरली, हळू झाली की मागून काळाकुट्ट धूर, इंजिनाला आचके, आणि मग ठप्प. मामा म्हणाला, "तिकडच्या मिस्त्रीने मला सांगितलं होतं, हिला नाक आहे. धूर जातो त्या पाइपात बसवलेलं. ते धूर हुंगतं आणि सीटखालच्या कॉम्प्युटरला कळवतं, पेट्रोल जास्त झालं की कमी. ते नाक बिघडलं तर हिला काही समजत नाही."

आता मला सांगा, ज्याची सगळी पत धूर हुंगण्यावर उभी, त्याच्या दारात गाडीने स्वतःचं नाक घेऊन यावं? मी हसलो. म्हणालो, "मामा, तिकडच्या लोकांनी तुला बनवलं. गाडीला नाक असतं तर आम्ही कशाला आहोत?" आणि मागे जाऊन उकिडवा बसलो, डोळे मिटले, धूर ओढला आणि जाहीर केलं, "प्लग काळे झालेत."

प्लग काळे झालेच होते. काढले, घासले, लावले. हायवेला मारून आणली, वा रे गाडी! गावात आणली, ठप्प. मग हवेचा फिल्टर साफ केला. हायवेला वा, गावात ठप्प. मग पेट्रोलच्या नळ्या, मग वायरी, मग जे जे उघडता येत होतं ते सगळं. उघडून काही सापडत नव्हतं, म्हणून तसंच बंद करत होतो. प्रत्येक वेळी हायवेवर मामा खूश व्हायचा, आणि प्रत्येक वेळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही दोघं उतरून ढकलायला लागायचो. ओटीवर बाबा बसलेले असायचे. काही बोलायचे नाहीत. मी तेव्हा मनात म्हणायचो, बोला हो, एकदा शिव्या तरी घाला.

मला अक्कल आली ती केळीच्या घडांच्या एका बैलगाडीमागे. सायीच्या रंगाची ती अमेरिकन गाडी बैलांच्या मागे अडकली. चांगली चालत होती. मग जसजसा बैलांचा वेग तिला लागला, तशी ती आजारी पडत गेली आणि अखेर मेली. बैलगाडी निघून गेली. गाडीवानाने मागे वळून बघितलं आणि बैलांना थोपटलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की अरे, वरातीत हिला ह्याच चालीने जायचंय, आणि मी बावळटासारखा तिला हायवेला तपासतोय!

मग नाक मुठीत धरून, म्हणजे माझं, मी गाडीचं नाक शोधलं. पाइपात स्पार्क प्लगसारखाच दिसणारा एक तुकडा, त्यातून एक वायर निघालेली. ऑक्सिजन सेन्सर. त्या वायरीला मी मीटर जोडला, लांब तारा खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर बायकोच्या मांडीवर दिला. ती शाळेत शिकवायची, काट्याकडे नजर ठेवणं तिला पोरांमुळे चांगलं जमायचं. मोकळ्या रस्त्यावर ती म्हणाली, "काटा नाचतोय. इकडे तिकडे, इकडे तिकडे." गाडी हळू केली, बैलाच्या चालीला आणली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता मंद झाला." मग म्हणाली, "झोपला." आणि मागून काळा धूर.

मी तिला समजावून सांगितलं. ते नाक तापलेलं असलं तरच वास घेतं. गाडी पळते तेव्हा गरम धुराने तापतं, गाडी रेंगाळली की गार पडतं. "म्हणजे," ती म्हणाली, "थंडी वाजली की हिला वास येत नाही. आणि सीटखालचा तुझा कॉम्प्युटर?" तो आचारी, मी म्हणालो. नाक त्याला सांगतंय, मीठ कमी, मीठ कमी, आणि तो घालतोय, घालतोय, आणि जेवण खारट. पेट्रोल इतकं जातं की प्लग भिजून काळे होतात आणि इंजिन मरतं. ती म्हणाली, "मग हा शोध लावायला तुला एवढे दिवस लागले?" बायकोकडून जी बोलणी मिळतात, त्यात ही सगळ्यात सौम्य.

आपल्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं आणि त्याचा थर बसून असली नाकं मरतात, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. म्हणजे गाडी भारतात उतरली आणि तिला पहिल्या टाकीपासून आम्ही विष पाजत होतो. तेव्हा एवढंच कळलं होतं की नवीन नाक पाहिजे. मुंबईला स्पेअर पार्टच्या गल्लीत गेलो. दुकानदाराला वर्णन करून सांगितलं. त्याने शांतपणे एक स्पार्क प्लग काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "हेच ते." मी नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मी माझ्या गिऱ्हाइकांकडे बघायचो तसंच होतं.

मग दुसरा उपाय. नाकाची वायरच काढून टाकायची. खोटं बोलणारा माणूस गप्प केला की आचारी आपला अंदाजाने मीठ घालतो. अगदी बेताचं नाही पडणार, हात थोडा सढळच राहील, पण खारटही नाही. वायर काढली, तिचं टोक गुंडाळून बांधलं, आणि मी रंगीत तालीम ठरवली.

बँड काही तालमीला मिळत नाही. म्हणून बायकोला पुढे उभं केलं, हातात छत्री. तिने बँडच्या चालीने चालायचं, मी मागून गाडी आणायची, आमच्या दारापासून चर्चपर्यंत. भर सकाळी! गावातल्या बायका दारात आल्या. एकीने विचारलं, "मास्तरीणबाई, कुणाची वरात?" बायकोने मागे न बघता सांगितलं, "ह्यांच्या अकलेची." पण काय सांगू, गाडी चालली! बैलाच्या चालीने, न आचकता, न मरता, थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि तशीच परत आली. बायकोचे पाय दुखले. मी हवेत. ओटीसमोर गाडी उभी करून मी बाबांना म्हणालो, "बघितलंत?"

बाबांनी गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाले, "बँड... कुठाय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी खो खो हसलो.

लग्नाच्या दिवशी बाबांना आम्ही कोट चढवला. झटक्यानंतर ते उतरले होते, कोट त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. पण मान ताठ. ते स्वतःच्या पायांनी, काठी टेकत, धाकटीच्या आधाराने ओटीवरून गाडीपर्यंत आले. पुढच्या उजव्या सीटवर बसले, कारण स्टिअरिंग डावीकडे, माझ्याकडे. धाकटीने मागे बसायच्या आधी त्यांचा निर्जीव उजवा हात उचलला आणि खिडकीच्या कडेवर ठेवून दिला. आणि एकदम जादू झाली. आमच्याकडे उजवीकडे ड्रायव्हर बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाबाच ऐटीत हात बाहेर टाकून गाडी हाकतायत! पोरं ओरडली, "आजोबा चालवतायत! आजोबा चालवतायत!" लोक पुढे येऊन त्या हाताला हात लावत होते. बाबांच्या तोंडाचा चांगला कोपरा हसत होता.

बँड वाजला, आम्ही निघालो. इंजिन घड्याळासारखं. मी आरशात धाकटीला डोळा मारला.

पहिल्या वळणावर क्रूस आहे. बँड थांबला. थांबणारच! वाटेतल्या प्रत्येक क्रूसापाशी नवरी थांबते, प्रार्थना होते. जन्मल्यापासून मी हे बघत आलोय, कितीतरी वरातींत पुढे नाचलोय. पण बायकोला छत्री देऊन चालायला लावलं तेव्हा हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. ती कुठे थांबली नव्हती. कशाला थांबेल बिचारी? गाडी जागेवर उभी, इंजिन घुरघुरतंय. प्रार्थना झाली, निघालो. पुढे आत्याचं दार. आत्याच्या दारी एक गाणं झालंच पाहिजे, सरबत झालंच पाहिजे. बँडने गाणं धरलं, माणसं नाचायला लागली. मग थोरल्या काकांचं दार. तिथे दोन गाणी, कारण आत्याकडे एक झालं होतं. मग दुसरा क्रूस. "बँड कुठाय?" हे बाबांचं वाक्य थट्टा नव्हती, हे मला तिथे कळलं.

आचाऱ्याचा हात सढळ, हे मी सांगितलंच आहे. उभ्या गाडीत तो मीठ घालतच होता. मागच्या बायका खोकायला लागल्या. मला खिडकीतून वास आला, आणि ह्या वेळी डोळे मिटायची गरज पडली नाही. प्लग काळे होत होते. एक आचका. दुसरा. बावखलाच्या वळणावर, जिथून चर्चचा मनोरा दिसतो, तिथे तिसरा आचका आला आणि इंजिन मेलं.

किल्ली मारली. स्टार्टर कण्हला, बँडच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा मारली. काही नाही. समोरच्या पट्टीवर लाल दिवे पेटले, इंजिन बंद असल्याचे. बाबा तिथून हातभर अंतरावर. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, हिंमतच झाली नाही. चर्चात उचलून एकदाच, तेव्हा न्या. आता त्यांनी दार उघडून घरी जायचं म्हटलं तर? धाकटी इथेच, रस्त्यात, पांढऱ्या झग्यात उभी राहिली तर? माझ्या नाकाच्या ऐटीपायी? देवा, मी म्हटलं, पुन्हा कधी धूर हुंगणार नाही, फक्त एवढा रस्ता पार पाड.

बायको माझ्या खिडकीशेजारून चालत होती. तिने माझं तोंड बघितलं. सरळ मागे गेली. आणि गाडी हलली.

चुलतभाऊ नवे सूट घालून मागून ढकलत होते. सफारी घातलेला मामाही. बँड एवढ्या जोरात कधी वाजला नसेल. मागून धाकटी बँडबरोबर मोठ्याने गायला लागली, बेसूर, ती कधीच सुरात गात नाही. आणि मी? मी गिअर टाकत होतो. ॲक्सिलरेटर दाबत होतो. इंजिन बंद पडलं की त्या गाडीचं स्टिअरिंग आणि ब्रेक मरणाचे जड होतात. दोन्ही हातांनी चाक ओढताना माझा शर्ट भिजून अंगाला चिकटला. तरी मी चेहरा असा ठेवला होता की सगळं मस्त चाललंय. एकदा तर मी मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकल्यासारखं केलं. बाबा समोर बघत होते. त्यांचा हात खिडकीवर होता, लोक त्याला हात लावत होते.

अशी ती गाडी चर्चच्या पायऱ्यांपाशी आली. मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो, आणि थांबली.

मग बँड थांबला.

एकदम शांतता. गाडीच्या मागे धापा टाकणारे चुलतभाऊ ऐकू येत होते. मामा खोकला. एवढ्या माणसांच्या मधे त्या पलंगाएवढ्या गाडीतून कसला म्हणून आवाज येत नव्हता, आणि ते सगळ्या गावाला ऐकू येत होतं. पायऱ्यांवर फादर उभे होते, नवऱ्याकडची मंडळी उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी लाल दिव्यांकडे बघत होतो.

बाबांचं तोंड हलायला लागलं. शब्द ओठांवर अडला, तोंडात फिरला. मला वाटलं, आता येतो. आणि येऊ दे, आपण लायकच आहोत. सगळे थांबले होते. एवढा वेळ त्यांना कुठल्याच शब्दाला लागला नव्हता.

"इंजिन..." बाबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इंजिन... बंद कर. पेट्रोल... जळतंय."

मी म्हणालो, "हो बाबा," आणि किल्ली फिरवली.